बालाघाटावरचे आकाश : निजामिया वेधशाळेच्या प्लेटांपासून घरी घासलेल्या आरशापर्यंत

बीड तालुक्यातील चौसाळा हे गाव धुळे-सोलापूर महामार्गावर, बालाघाटाच्या पठारी मुलखात वसलेले असून त्याचा उत्तर अक्षांश सुमारे १८.७ अंश आहे. आकाशाच्या छायाचित्रणाच्या दृष्टीने या आकड्याला मोठे महत्त्व आहे, कारण कोणत्या दीर्घिका डोक्यावरून जातील, कोणत्या क्षितिजाशी घुटमळतील आणि ध्रुवतारा किती उंचीवर दिसेल हे सारे त्यावरूनच ठरते. गावाच्या राजकीय इतिहासाचाही या विषयाशी जवळचा संबंध आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत बीड जिल्हा हैदराबाद संस्थानात होता, आणि भारतातील ज्या थोड्या ठिकाणी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ताऱ्यांची पद्धतशीर छायाचित्रे घेतली गेली त्यांपैकी एक महत्त्वाचे ठिकाण म्हणजे त्याच संस्थानाची निजामिया वेधशाळा होय. कोट्यवधी प्रकाशवर्षे दूर असलेल्या दीर्घिकासमूहांचे चित्र घरी बनवलेल्या दुर्बिणीतून घेण्याची आजची हौस परदेशातून आयती आलेली वाटत असली, तरी तिच्यामागे या प्रदेशाचा सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे. मोठी नळी असली की दूरचे दिसते, या लोकप्रिय समजुतीला तो इतिहास फारसा दुजोरा देत नाही. अंधार, स्थिरता आणि चिकाटीने गोळा केलेला प्रकाश यांचाच वाटा त्यात मोठा दिसतो.

या इतिहासाचा आरंभ २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणापासून धरता येतो. चंद्राच्या गडद छायेचा पट्टा विजयदुर्गाजवळ कोकणात उतरून जेऊरमार्गे ईशान्येला विदर्भाकडे गेला, आणि वाटेत आजच्या बीड जिल्ह्याचा मुलूख त्याने ओलांडला. पुणे-सोलापूर लोहमार्गावरील जेऊर येथे दोन तुकड्या उतरल्या होत्या. एक अमेरिकेच्या लिक वेधशाळेची, विल्यम कॅम्पबेल यांच्या नेतृत्वाखालची, जिच्याकडे ४० फूट लांबीचा कॅमेरा होता, आणि दुसरी पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधील प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगामवाला यांची. भावनगरच्या महाराजा तख्तसिंहजींच्या देणगीतून नायगामवालांनी १८८८ मध्ये पुण्यात वेधशाळा उभारली होती, आणि तिथली २० इंच व्यासाची ग्रब कंपनीची परावर्तक दुर्बीण, म्हणजे भिंगाऐवजी अंतर्वक्र आरशाने प्रकाश एकवटणारी दुर्बीण, त्या काळी भारतातील सर्वांत मोठी होती. नायगामवाला निवृत्त झाल्यावर १९१२ मध्ये ही वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर हा निर्णय करंटेपणाचा ठरला, कारण आकाशातील अंधूक वस्तूंचे छायाचित्रण जगभर जोम धरत होते नेमक्या त्याच काळात पुण्याच्या हातून ते साधन निसटले.

त्याच ग्रहणात, त्याच छायापट्ट्यात, विदर्भातील तळणी येथे ब्रिटिश ॲस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनची तुकडी होती. तीत अ‍ॅनी माँडर यांनी जेमतेम दीड इंच व्यासाच्या भिंगाचा एक लहान कॅमेरा लावला होता. प्रभामंडल, म्हणजे सूर्याभोवतीचे अतिविरळ आणि तप्त वायूचे आवरण, बाहेरच्या बाजूला इतके फिके होत जाते की मोठ्या दुर्बिणींच्या चित्रांतही त्याचे लांब किरण हरवत. माँडर यांच्या छोट्या कॅमेऱ्याने तोपर्यंत छायाचित्रात सापडलेल्या किरणांपैकी सर्वांत लांब किरण टिपला. याचे कारण समजून घेणे पुढच्या सगळ्या विवेचनासाठी आवश्यक आहे. तारा हा बिंदू असल्याने त्याच्यासाठी आरशाचा किंवा भिंगाचा व्यास निर्णायक असतो. प्रभामंडल, तेजोमेघ आणि दीर्घिका या मात्र पसरट वस्तू असल्याने त्यांचे चित्र प्लेटवर किती तेजस्वी पडेल हे व्यास आणि नाभीय अंतर, म्हणजे भिंगापासून प्रतिमा पडते तिथपर्यंतचे अंतर, यांच्या गुणोत्तरावर अवलंबून असते. आखूड नाभीय अंतराचे लहान साधन पसरट वस्तूचा प्रकाश थोड्या जागेत एकवटते. महाराष्ट्राच्या भूमीवर हे इतक्या ठळकपणे सिद्ध झाले, ही गोष्ट इथल्या विज्ञानाच्या इतिहासात जेवढी सांगितली जायला हवी तेवढी सांगितली जात नाही.

निजामिया वेधशाळेची सुरुवात एका हौशी माणसाच्या घरात झाली. हैदराबाद दरबारातील सरदार नवाब जफर जंग यांनी १९०१ मध्ये १५ इंच व्यासाची ग्रब दुर्बीण आणवून फिसल बंडा येथील आपल्या वाड्याजवळ वेधशाळा उभारली आणि तिला निजामाचे नाव देण्याची परवानगी मिळवली. त्यांच्या निधनानंतर १९०८ मध्ये ती संस्थानच्या सरकारने ताब्यात घेतली. आर्थर चॅटवूड हे पहिले संचालक झाले आणि वेधशाळा बेगमपेठेला हलली. नवाबांच्या संग्रहातील दुसरे यंत्र, कुक कंपनीची ८ इंची छायाचित्रण-दुर्बीण, हेच या वेधशाळेच्या कीर्तीचे खरे कारण ठरले. १८८७ मध्ये पॅरिस येथे भरलेल्या परिषदेत साऱ्या आकाशाचे पट्टे पाडून प्रत्येक पट्टा एकेका वेधशाळेकडे सोपवायचा आणि ठरावीक तेजस्वितेपर्यंतच्या सर्व ताऱ्यांची स्थाने छायाचित्रांवरून मोजून काढायची असा आंतरराष्ट्रीय प्रकल्प ठरला होता. चिलीतील सँटियागो वेधशाळेला आपला वाटा पेलला नाही, तेव्हा उणे १७ ते उणे २३ अंश क्रांतीचा पट्टा हैदराबादकडे आला. क्रांती म्हणजे खगोलीय विषुववृत्तापासून उत्तरेला किंवा दक्षिणेला असलेले कोनीय अंतर, पृथ्वीवरील अक्षांशाचे आकाशातले भावंड. पुढे पॉट्सडॅम वेधशाळेकडून राहिलेला अधिक ३६ ते अधिक ३९ अंशांचा पट्टाही हैदराबादने उचलला.

रॉबर्ट पोकॉक आणि त्यांच्यानंतर १९१८ पासून पाव शतकाहून अधिक काळ संचालक राहिलेले टी. पी. भास्करन यांच्या हाताखाली हे काम चालले. १९१९ मध्ये वेधशाळा उस्मानिया विद्यापीठाकडे गेली. कामाचे स्वरूप पाहिले तर आजच्या छायाचित्रकाराला ते परके वाटणार नाही. सुमारे २ अंश लांब आणि २ अंश रुंद एवढा आकाशाचा तुकडा काचेच्या प्लेटवर येई. प्लेट धुण्यापूर्वी तिच्यावर बारीक रेषांची चौकटजाळी छापली जाई, जेणेकरून रसायनाचा थर आकसला तरी मोजमापात चूक शिरू नये. मग सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्येक ताऱ्याचे त्या जाळीच्या संदर्भातले स्थान वाचून वहीत उतरवायचे, त्यावरून आकाशातले स्थान गणिताने काढायचे आणि ते छापायचे. बारा खंडांत साडेसात लाखांहून अधिक ताऱ्यांची नोंद अशा रीतीने प्रसिद्ध झाली. संस्थानी कारभाराविषयी मराठवाड्याच्या मनात जे रास्त कडवटपण आहे ते बाजूला न सारताही हे म्हणता येईल की त्या राजवटीत उभे राहिलेले हे काम जागतिक तोलाचे होते, आणि मराठवाड्याच्या इतिहासाने त्यावर आपला हक्क सांगायला हरकत नाही. याच वेधशाळेत काम करणाऱ्या एका कर्मचाऱ्याचा मुलगा, वेणू बाप्पू, हैदराबादेत लहानाचा मोठा झाला, शिष्यवृत्तीवर हार्वर्डला गेला आणि १९४९ मध्ये तिथे घेतलेल्या छायाचित्रीय प्लेटवर त्याला नवा धूमकेतू सापडला. पुढे भारतीय खगोलशास्त्राच्या उभारणीत बाप्पूंचा मोठा वाटा राहिला.

हैदराबादच्या प्लेटांवर दीर्घिकासमूह मात्र आले नाहीत, आणि त्याचे कारण सरळ आहे. प्रकल्पाची मर्यादा साधारण अकराव्या प्रतीची होती. प्रत म्हणजे तेजस्वितेचे माप, ज्यात आकडा वाढतो तशी वस्तू फिकी होत जाते. पाच प्रतींचा फरक म्हणजे शंभरपट फरक असतो आणि नुसत्या डोळ्याला काळोख्या जागेवरून सहाव्या प्रतीपर्यंत दिसते. हैदराबादच्याच पट्ट्यात, हस्त तारकासमूहाच्या बाजूला, उणे १७.४ अंश क्रांतीवर एबेल १६४४ हा समूह आहे. तो सुमारे ६५ कोटी प्रकाशवर्षे दूर आहे, एक प्रकाशवर्ष म्हणजे प्रकाशाने वर्षभरात कापलेले अंतर, आणि त्यातल्या बहुतेक दीर्घिका चौदाव्या प्रतीहूनही फिक्या आहेत. भास्करन यांच्या सहकाऱ्यांनी ज्या चौकोनांतले तारे एकेक करून मोजले, त्याच चौकोनांत अब्जावधी सूर्यांच्या अशा वस्त्या मोजणीच्या पलीकडे राहिल्या. शिवाय त्या वस्त्या कशाच्या आहेत हेही तेव्हा कोणाला ठाऊक नव्हते. सर्पिल तेजोमेघ आपल्याच आकाशगंगेत आहेत की बाहेर, हा वाद १९२० मध्ये शॅप्ली आणि कर्टिस यांच्यात रंगला होता, आणि देवयानी तेजोमेघातील तारे मोजून एडविन हबल यांनी तो निकाली काढला त्याची घोषणा १९२५ च्या पहिल्या दिवशी झाली.

दीर्घिकांच्या गर्दीची चाहूल मात्र फार आधी लागली होती, आणि तिच्यात घरी बनवलेल्या दुर्बिणीचाही वाटा होता. १७८१ मध्ये शार्ल मेसिए यांनी कन्या राशीत तेजोमेघांची दाटी असल्याची नोंद केली, आणि १७८५ मध्ये विल्यम हर्शेल यांनी अरुंधती केश तारकासमूहातील दाटीचे वर्णन केले. हर्शेल पेशाने संगीतकार होते. बाथ येथील राहत्या घरात धातूचे आरसे ओतून, घासून, चमकावून त्यांनी दुर्बिणी बनवल्या आणि त्यातल्याच एकीतून १७८१ मध्ये युरेनस शोधला. अरुंधती केशातील हाच समूह १९३३ मध्ये फ्रिट्झ झ्विकी यांनी अभ्यासला, तेव्हा त्यातील दीर्घिका इतक्या वेगाने फिरताना आढळल्या की दिसणाऱ्या द्रव्याच्या गुरुत्वाकर्षणाने त्या एकत्र राहणे शक्यच नव्हते, आणि न दिसणाऱ्या द्रव्याची, ज्याला आज कृष्णद्रव्य म्हणतात, कल्पना तिथे मूळ धरू लागली. १९५८ मध्ये जॉर्ज एबेल यांनी पालोमार येथील ४८ इंची श्मिट दुर्बिणीच्या प्लेटा तपासून २७१२ दीर्घिकासमूहांची यादी प्रसिद्ध केली. दीर्घिकासमूह म्हणजे गुरुत्वाकर्षणाने परस्परांशी बांधलेल्या शेकडो किंवा हजारो दीर्घिका, ज्यांच्यामधल्या जागेत कोट्यवधी अंश तापमानाचा वायू भरलेला असतो. जगभरचे हौशी छायाचित्रकार आज ज्या समूहांना क्रमांकाने ओळखतात ते क्रमांक एबेल यांच्याच यादीतले आहेत. पुण्याच्या आयुका या खगोलसंशोधन संस्थेतील जॉयदीप बागची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये जाहीर केलेला ‘सरस्वती’ हा महासमूह, म्हणजे समूहांचाही समूह, सुमारे ४०० कोटी प्रकाशवर्षे दूर असून त्यातला सर्वांत भरीव समूहदेखील एबेलच्या यादीतला २६३१ क्रमांकाचा आहे.

हर्शेल यांचे धातूचे आरसे लवकर काळे पडत. काचेवर चांदीचा पातळ थर चढवण्याची युक्ती १८५० च्या दशकात निघाली, आणि १८५९ च्या सुमारास लेआँ फूको यांनी आरशाचा आकार तपासण्याची सुरीच्या धारेची चाचणी मांडली, तेव्हा दुर्बीण बनवणे हे धातू ओतणाऱ्या कारागिराच्या भट्टीतून सुटून घरातल्या टेबलावर आले. ॲल्युमिनियमचा टिकाऊ थर निर्वात पात्रात चढवण्याची रीत १९३० च्या दशकाची. अमेरिकेत रसेल पोर्टर आणि अल्बर्ट इंगल्स यांच्यामुळे १९२० च्या दशकात आरसे घासण्याची लाट उसळली. महाराष्ट्रात १९४४ मध्ये पुण्यात स्थापन झालेली ज्योतिर्विद्या परिसंस्था ही हौशी आकाशनिरीक्षकांची देशातील सर्वांत जुनी संस्था मानली जाते. हॅलेच्या धूमकेतूच्या १९८५-८६ मधील फेरीने मुंबईत खगोल मंडळासारख्या संस्थांना जोर दिला, आणि १९८८ मध्ये जयंत नारळीकर यांच्या नेतृत्वाखाली आयुका उभी राहिल्यावर अरविंद परांजपे यांच्या पुढाकाराने तिथे दुर्बीण बनवण्याच्या कार्यशाळा होऊ लागल्या. जिल्ह्याच्या गावातला शिक्षक किंवा विद्यार्थी स्वतःच्या हाताने आरसा घासू शकतो, हा विश्वास या कार्यशाळांनी दिला. नारळीकरांच्या संशोधनाचे मोल निर्विवाद आहे, तथापि महाराष्ट्राच्या खेडोपाडी पोचलेला त्यांच्या संस्थेचा हा वारसा त्याहून कमी लेखू नये.

आरसा घासण्याची रीत वरकरणी साधी आहे. एकाच व्यासाच्या दोन जाड काचा घ्यायच्या, खालची पक्की बसवायची, मध्ये पाणी आणि कार्बोरंडमची भुकटी टाकून वरची काच पुढेमागे सरकवत स्वतः टेबलाभोवती फिरत राहायचे. वरच्या काचेचा मध्यभाग झिजून ती आपोआप अंतर्वक्र होत जाते आणि खालची बहिर्वक्र. ८ इंची आणि १ मीटरच्या आसपास नाभीय अंतराचा आरसा हवा असेल तर मध्यावरची खोली अवघी अडीच मिलिमीटर लागते. भुकटी जाडीकडून बारकाईकडे बदलत नेल्यावर पिच नावाच्या डांबरी पदार्थाच्या थरावर सिरियम ऑक्साइड लावून काच चमकावली जाते. इथपर्यंत आरशाचा पृष्ठभाग गोलाचा तुकडा असतो, आणि दूरचा प्रकाश एका बिंदूत आणायचा तर तो परवलयाकार, म्हणजे मध्याकडे किंचित अधिक खोल असा, करावा लागतो. खरे कौशल्य इथे आहे. अशा आरशाच्या कडेपाशी गोल आणि परवलय यांच्यातील फरक सुमारे दीड मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या दीडपट असतो, आणि तो साधताना चूक प्रकाशाच्या तरंगलांबीच्या लहानशा अंशापेक्षा जास्त राहिलेली चालत नाही. एका अंधाऱ्या खोलीत दिव्याचा बारीक ठिपका आरशावर टाकून परतलेला किरणशंकू दाढीच्या ब्लेडच्या धारेने कापला की आरशावर छायाप्रकाशाचा उठाव दिसतो, त्यात कुठे उंचवटा आहे आणि कुठे खड्डा हे वाचता येते, आणि हाताच्या तळव्याची ऊब काही सेकंद टेकवली तरी तिथली काच फुगून टेकाड उमटते. फूको यांची ही चाचणी दीडशेहून अधिक वर्षे टिकली याचे कारण तिला ब्लेड, दिवा आणि धीर यांपलीकडे काही लागत नाही.

आरसा झाला म्हणजे दुर्बीण झाली, पण छायाचित्रणाची दुर्बीण झाली असे नाही. पृथ्वी फिरत असल्याने खगोलीय विषुववृत्ताजवळचा तारा दर सेकंदाला १५ विकला सरकतो. अंशाचा साठावा भाग म्हणजे कला आणि कलेचा साठावा भाग म्हणजे विकला. एक मीटर नाभीय अंतर आणि आजच्या कॅमेऱ्यातील सुमारे पावणेचार मायक्रॉनचा पिक्सेल धरला तर एका पिक्सेलवर पाऊण विकला एवढे आकाश मावते. याचा अर्थ दुर्बीण स्थिर ठेवली तर तारा एका सेकंदात वीस पिक्सेल ओलांडून जातो. म्हणून विषुववृत्तीय माउंट लागतो, म्हणजे अशी बैठक की जिचा एक अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर असून तो घड्याळाच्या गतीने फिरवला की तारा जागच्या जागी राहतो. चौसाळ्याच्या अक्षांशावर हा अक्ष क्षितिजाशी जेमतेम १८.७ अंशांचा कोन करतो. युरोप-अमेरिकेच्या मध्यम अक्षांशांसाठी घडवलेल्या बैठका एवढ्या खाली झुकवल्या की तोल बिघडतो, वजनाचा दांडा तिपाईच्या पायाला थटतो, आणि स्क्रू आपल्या मर्यादेच्या टोकाशी येतो. स्थानिक वर्कशॉपमध्ये या अक्षांशाचा कोन कायमचा धरून वेल्ड केलेली लोखंडी बैठक त्यापेक्षा पुष्कळदा भक्कम निघते. ध्रुवताराही तेवढाच खाली असल्याने झाडे, घरे आणि उन्हाळ्यातली धूळ यांच्याआड जातो, तेव्हा अक्ष जुळवण्यासाठी मध्यमंडलाजवळचा, म्हणजे दक्षिणोत्तर रेषेजवळचा एखादा तारा दुर्बिणीत धरून तो वर सरकतो की खाली हे पाहत अक्ष हलवण्याची जुनी पद्धत उपयोगी पडते. दाते पाडलेल्या चक्रातील बारीक दोषांमुळे उरणारी थरथर गायडिंग करून, म्हणजे दुसऱ्या लहान कॅमेऱ्याने एका ताऱ्यावर नजर ठेवून मोटारीला क्षणोक्षणी दुरुस्ती देऊन काढली जाते. हे काम प्लेटांच्या काळात माणसाचा डोळा करीत असे, मार्गदर्शक दुर्बिणीच्या तारेवर तारा धरून ठेवत, हिवाळ्याच्या रात्री तासन्‌तास.

प्लेट आणि फिल्मची मोठी उणीव ही की त्यांच्यावर पडलेल्या प्रकाशापैकी एखाद-दोन टक्केच उपयोगी पडे, आणि प्रकाश फार मंद असला तर वेळ वाढवूनही त्या प्रमाणात काळेपणा वाढत नसे. १९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेत बॉइल आणि स्मिथ यांनी सीसीडीची कल्पना मांडली. प्रकाशाचे विद्युतभारात रूपांतर करून तो पिक्सेलगणिक मोजणारी ही चकती आणि तिच्या पुढच्या पिढीतले सीमॉस सेन्सर पडलेल्या प्रकाशाचा निम्म्याहून बराच मोठा भाग वापरतात. याहून मोठा बदल स्टॅकिंगने घडवला. अनेक छोटी एक्स्पोजर घेऊन संगणकावर ताऱ्यांवर तारे बसवून त्यांची सरासरी काढली की दीर्घिकेचा प्रकाश टिकून राहतो आणि यदृच्छेने होणारी खळबळ चित्रांच्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटते, म्हणजे शंभर चित्रांत ती दहापट कमी होते. काळोख्या जागेवरून काही तासांचे एकत्रित एक्स्पोजर घेतले तर ८ इंची आरसा एकोणिसाव्या-विसाव्या प्रतीच्या आसपास पोचतो. निजामिया वेधशाळेच्या ८ इंची यंत्राची मोजणी अकराव्या प्रतीशी थांबत होती. नऊ प्रतींचा हा फरक सुमारे चार हजारपट होतो, आणि दोन्ही साधनांचा व्यास एकच आहे.

चौसाळ्याच्या आकाशात काय आवाक्यात येते हे गणिताने सांगता येते. कन्या समूह, सुमारे साडेपाच कोटी प्रकाशवर्षांवरचा, माथ्याच्या सहा अंश दक्षिणेने जातो. अरुंधती केशातील समूह, सुमारे ३२ कोटी प्रकाशवर्षांवरचा, माथ्याच्या नऊ अंश उत्तरेने. ययातीमधील एबेल ४२६ हा हिवाळ्याच्या सुरुवातीला ६७ अंश उंचीवर येतो. अश्मंत तारकासमूहातील दक्षिणेचा समूह लंडनहून क्षितिजाच्या जेमतेम तीन अंश वर येतो तर इथे तो ३६ अंशांवर असतो, आणि इथल्या निरीक्षकाला मिळणारी ही देणगी युरोपातल्या निरीक्षकाला हेवा वाटावा अशीच आहे. शौरीतील एबेल २१५१ तर माथ्यापासून एका अंशाच्या आतून जातो, जिथे वातावरणाचा थर सर्वांत पातळ असतो. उत्तर मुकुटातील एबेल २०६५ सुमारे १०० कोटी प्रकाशवर्षे दूर आहे. आपल्या आकाशगंगेएवढी दीर्घिका त्या अंतरावर २२ विकलांची दिसते, म्हणजे वर सांगितलेल्या सेन्सरवर तिचा पसारा २८ पिक्सेलच्या आसपास भरतो, आणि तिचा फिका बाहेरचा भाग गळून गेल्यावर उरतो तो थोडासा लांबट, कडा विरलेला ठिपका. आजूबाजूचे आपल्याच आकाशगंगेतील तारे गोल आणि रेखीव असतात. हे दोन प्रकार वेगळे ओळखता येणे, एबेलच्या समूहातील डझनावारी ठिपके यादीशी ताडून पाहणे, आणि त्यातला प्रत्येक ठिपका म्हणजे अब्जावधी सूर्यांची वस्ती आहे हे जाणणे, यात या छंदाचे सगळे सुख साठलेले आहे. चित्र दिसायला देखणे नसते. रंगीत तेजोमेघांपुढे ते फिकेच पडते. तरीही घरी घासलेल्या आरशाने एवढ्या खोलीचे आकाश गाठणे ही मानवी हाताच्या कौशल्याची फार मोठी कमाई आहे.

या कमाईची खरी पूर्वअट अंधार आहे. रात्रीच्या आकाशाचा उजेड प्रत्येक चौरस विकलेमागे किती प्रतीचा आहे यावरून मोजतात. मोठ्या शहरात तो अठराव्या प्रतीच्या आसपास आणि चांगल्या ग्रामीण जागी साडेएकविसाव्या प्रतीच्या आसपास असतो. साडेतीन प्रतींचा हा फरक सुमारे पंचवीसपट आहे, म्हणून खेड्यातून दोन तासांत जे मिळते त्यासाठी शहरातून पन्नास तास लागतात. बीड जिल्ह्याच्या वाट्याला पर्जन्यछायेची होरपळ आली, कारखानदारी बेताची राहिली, आणि त्यामुळेच पठारावर काळोख शिल्लक राहिला. आता महामार्ग रुंद झाले, त्यांच्या कडेने ढाबे, पेट्रोल पंप आणि एलईडीचे पांढरे दिवे आले, आणि बालाघाटाच्या कड्यांवर पवनचक्क्या उभ्या राहिल्या. रस्त्यावर दिवा नको असे कोणी म्हणणार नाही. दिव्याला वरून झाकण असावे, उजेड जमिनीकडे जावा आणि त्याचा रंग निळसर पांढऱ्याऐवजी पिवळसर असावा, एवढ्यानेच आकाशाचे मोठे रक्षण होते, आणि वीजबिलही वाचते. २०२४ मध्ये नागपूरजवळच्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला देशातील पहिले डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली ती अशाच उपायांमुळे. ग्रामपंचायतीच्या दिव्यांच्या खरेदीत हा विचार करायला वेगळा पैसा लागत नाही.

मराठवाड्यातील छायाचित्रणाचा हंगाम पाऊस ओसरल्यावर, कार्तिकाच्या सुमारास सुरू होतो आणि ज्येष्ठापर्यंत चालतो, त्यातही प्रत्येक महिन्याचा अमावास्येच्या मागचापुढचा आठवडाच कामाचा असतो. हिवाळ्यात हवा स्वच्छ असते पण दव पडून आरशावर पाणी साचते, त्यासाठी नळीच्या तोंडाशी तिरक्या बसवलेल्या दुय्यम आरशाभोवती किंचित ऊब देणारी तार गुंडाळावी लागते. चैत्र-वैशाखात दीर्घिकांचे आकाश डोक्यावर येते, तेव्हा दिवसभर तापलेली जमीन आणि आरसा दोन्ही निवेपर्यंत, म्हणजे दहा-अकरा वाजेपर्यंत, प्रतिमा थरथरत राहते. आरशाच्या मागे संगणकातला छोटा पंखा लावून काच लवकर थंड करणे हा त्यावरचा उपाय आहे. शौरीतील समूह मध्यरात्री माथ्यावर येतो तो मे महिन्याच्या अखेरीस, रोहिणी नक्षत्र लागते त्या सुमारास, आणि मृगाचे ढग पंधरवड्यात येऊन ठेपतात, त्यामुळे या समूहाला मिळणाऱ्या रात्री सर्वांत थोड्या असतात. उरलेले एक्स्पोजर पुढच्या वर्षीच्या वैशाखात घेऊन आधीच्या चित्रांत मिळवता येते, कारण पन्नास कोटी प्रकाशवर्षांवरच्या दीर्घिका वर्षभरात आपली जागा सेन्सरला जाणवेल इतकी बदलत नाहीत.